खान्देशात होतं तरी काय? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की जुन्या वस्त्या, साम्राज्यं आणि त्यातून घडलेली आपली संस्कृती यावर काय विचारायचं असेल ते पाठवा. पत्रं भरपूर आली. निम्म्या पत्रांचा सूर एकच होता, की हे सगळं पाटणा-दिल्लीकडं झालं, आपल्याकडं काय. त्यामुळं या वेळी सगळी उत्तरं खान्देशातूनच द्यायची ठरवलं, जागा पुरली नाही म्हणून काही प्रश्न थोडक्यात उरकलेत, राग मानू नका.

प्रश्न (शहाद्याहून एक पालक): सर, पोराच्या पुस्तकात हडप्पा झालं की वेद, मग मौर्य, मग गुप्त. आमच्या गावाला लागून पांढरीचं टेकाड आहे, लोक धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर, टाकायला तिथली माती नेतात, खापरं निघतात, मणी निघतात. आजी म्हणायची 'आठे जुनं गाव व्हतं'. पण पुस्तकात आमचं काहीच कसं नाही?

आजींचं बरोबर होतं हो. तुम्ही शहाद्याचे म्हणजे प्रकाशा तुमच्या अगदी शेजारी. आपण तिथं केदारेश्वराच्या दर्शनाला जातो, दक्षिण काशी म्हणतो, तापी-गोमाईच्या संगमावर हातपाय धुतो नि परत येतो, पण तिथल्या टेकाडावर १९५४-५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खोदकाम केलंय हे गावाबाहेर फार कुणाला माहीत नसतं. त्या खड्ड्यात काय दिसलं ते ऐका. सगळ्यात खाली तांबं आणि दगडाची छोटी पाती वापरणारी माणसं, त्यांची रंगवलेली भांडी. त्याच्यावर लोखंड आलं. त्याच थरांच्या मागंपुढं एक काळी, आरशासारखी चकचकीत भांडी सापडतात, ती मूळची गंगेच्या खोऱ्यातली, बुद्ध आणि मौर्यांच्या काळातली, म्हणजे मगधात जे ताट वापरात होतं ते तापीकाठच्या कुणाच्या तरी घरात पोचलं होतं. आणि त्याच्यावर पुन्हा पुढच्या वस्त्या. एकाच जागेवर माणूस शेकडो वर्षं घर पाडतोय, त्यावरच बांधतोय, म्हणून तर टेकाड उंच होत जातं.

तुमच्याच तालुक्यातलं सावळदा बघा. पुरातत्त्ववाले एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव देतात, 'सावळदा संस्कृती', साधारण इ.स.पू. २००० च्या आगेमागे. तिथला कुंभार भांड्यावर काय काढायचा तर फुलंपानं कमी आणि बाणाची टोकं, काटेरी हत्यारं, प्राणी हे जास्त. मला हे फार आवडतं, कारण त्या माणसाचा दिवस कशात जात होता ते भांड्यावरच लिहून ठेवलंय. साक्री तालुक्यात कवठ्याला याच लोकांची वस्ती डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खणली, तिथं जमिनीत खड्डा करून वर छप्पर टाकलेली घरं होती. वस्तीचा पसारा मोठा पण मातीचा थर पातळ, म्हणजे ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पाय रोवून बसलेली नसावीत, काही महिने राहायची, गुरं घेऊन हलायची, असा अंदाज आहे. खान्देशात काठेवाडी गुरंवाले आणि धनगर-ठेलारी फिरताना बघितलेत ना, त्यामुळं आपल्याला हे समजायला पुण्यामुंबईच्या माणसापेक्षा सोपं जातं.

चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे, तिथं म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये खोदलं, आणि नदीच्या पल्याड टेकवाड्याला त्याच जुन्या काळातली दफनं मिळाली. पुढं इ.स.पू. १४०० च्या सुमारास जोर्वे संस्कृती म्हणून जी ओळखतात ती कोकण सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्रात पसरली, तापीच्या खोऱ्यातही होती. ही माणसं लहान मूल गेलं तर त्याला दोन मडक्यांत तोंडाला तोंड लावून घरातच, जमिनीखाली ठेवायची. लांब नेऊन पुरायचं नाही, घरातच. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला अशी कितीतरी निघाली.

आता पुस्तकात का नाही, तर याचं कारण सरळ आहे. पुस्तक राजांच्या यादीवर चालतं आणि सावळद्याच्या माणसाला ना राजा होता ना लिपी. पण गहू, जव, कडधान्य पेरायचं, गाईबैल पाळायचे, पावसाळा धरून वर्ष आखायचं, मातीचं घर लिंपायचं, हे सगळं अशाच वस्त्यांनी बसवलं, मौर्य आले तेव्हा त्यांना सारा भरायला शेतकरी आयता मिळाला तो यामुळं. माझं तरी मत असं की आधी वस्ती आणि मग साम्राज्य या क्रमानं इतिहास शिकवला तर पोरांना तो कमी परका वाटेल.

आणि हो, ती पांढरी माती धाब्यावर टाकायला नेणं. पाणी धरत नाही, चांगली बसते, म्हणून बापजाद्यांपासून नेतात हे मान्य आहे, पण खान्देशातली कितीतरी जुनी टेकाडं अशीच गाडीगाडीनं छपरावर गेलीत. आता स्लॅबची घरं झाली, तर ते टेकाड तेवढं राहू द्या.

प्रश्न (भुसावळ, कॉलेजचा विद्यार्थी): खान्देशातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती?

अगदी पहिली कुठली हे ठरवणं अवघड, दगडी हत्यारं त्याहूनही जुनी आहेतच. पण बघावी अशी म्हणाल तर पाटणे. पाटणादेवीला जाता ना, त्याच परिसरात, चाळीसगाव तालुक्यात, पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला, त्यावर आडव्या रेघा मारून मधे जाळीसारखी नक्षी कोरलेली, आणि कवचाचे मणी. वय सुमारे २५,००० वर्षं. तेव्हा आपल्याकडं शहामृग होते हा धक्का वेगळाच. शेती नाही, घर नाही, पण माणूस बसून नक्षी कोरतोय.

प्रश्न (चाळीसगावहून): हडप्पाची माणसं आपल्याकडं आली होती का हो? व्हॉट्सॲपवर फिरतंय की दायमाबादचा रथ त्यांचाच.

दायमाबाद खान्देशात नाही, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी आहे. १९७४ साली तिथं एका भिल्ल माणसाला झाडाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: दोन बैलांचा रथ, त्यात उभा माणूस, आणि मग हत्ती, गेंडा, रेडा. सगळं मिळून साठ किलोच्या वर. नंतर वर सांगितलेल्या साळींनीच तिथं रीतसर खोदकाम केलं, आणि एका थरात हडप्पा लिपीतली चिन्हं असलेले शिक्के आणि खापरं मिळाली, म्हणजे उत्तर हडप्पा (हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या) काळातली माणसं किंवा निदान त्यांची रीत तिथवर पोचली होती हे नक्की.

रथाचं मात्र जरा जपून बोलावं लागतं. तो खोदकामात थरातून निघालेला नाही, आधीच बाहेर काढला गेला होता, त्यामुळं तो नेमका कुठल्या काळातला यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काही उत्तर हडप्पा म्हणतात, काहींना तो नंतरचा वाटतो. व्हॉट्सॲपवर असली शंका फिरत नाही, तिथं सगळं शंभर टक्के असतं.

आले कुठून म्हणाल तर गुजरातेतून वाट सोपी आहे, सुरतेकडून तापी धरून वर यायचं. आजही सुरत-भुसावळ रेल्वे त्याच खोऱ्यातून जाते.

प्रश्न (जळगावहून, सराफ बाजारातले एक व्यापारी): संस्कृती म्हटलं की तुम्ही लोक राजे आणि ऋषीमुनी सांगता. आमच्यासारख्या धंदेवाल्यांचा यात काही हात होता की नुसतीच वर्गणी दिली?

शेठ, प्रश्न झकास आहे, आणि वर्गणी म्हणालात तिथंच उत्तर आहे.

आधी रस्ता समजून घ्या. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची एक माहितीवजा पोथी लिहिली, 'पेरिप्लस' म्हणतात तिला. त्यात लिहिलंय की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. माल गाड्यांवर घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात, पैठणहून खडे, तगरहून कापड. आता नकाशा काढा. भडोच ते पैठण जायचं तर मधे तापीचं खोरं लागतं आणि मग सातमाळ्याचा डोंगर चढावा लागतो. आज आपण चाळीसगावहून कन्नडला औट्रम घाट चढतो, जिथं ट्रक तासन्‌तास अडकायचे, त्याच डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इ.स.पू. दुसऱ्या शतकापासूनची. लेणं असल्या वाटेजवळ का, तर भिक्खूंना भिक्षा लागते आणि व्यापाऱ्याला मुक्काम.

पितळखोऱ्यात खांबांवर कुणाची नावं आहेत ते बघा, राजाचं नाही. पैठणच्या मितदेवाचं आहे, तो गांधिक म्हणजे अत्तरवाल्याच्या घराण्यातला. पैठणच्याच संघकाच्या मुलांनी खांब दिलाय. राजवैद्य मगिल आणि त्याच्या घरच्यांची नावं आहेत. आणि तुम्ही सराफ म्हणून खास सांगतो, तिथं एक यक्षाची मूर्ती मिळाली, बुटका, ढेरपोट्या, हसरा, सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिच्या हातावर कोरलंय की ही कान्हदास सोनारानं केली. सोनाराचा हात असल्यामुळं असेल कदाचित, पण त्या यक्षाचे दागिने बघाल तर दगडात पॉलिश मारल्यासारखे उठावदार आहेत. भारतातल्या जुन्या शिल्पांवर कारागिराची सही फार क्वचित सापडते, आणि सापडली ती जळगावातून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येईल अशा जागी.

आता पैशाचं. नाशिकच्या लेण्यांत, दहा नंबरच्या लेण्यात, उषवदाताचा लेख आहे. हा शक राजा नहपानाचा जावई. त्यानं भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली, कुठं ठेवली तर राजाच्या तिजोरीत नाही, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेण्यांकडं, म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांच्या संघांकडं. २,००० एका श्रेणीकडं, महिना शेकडा एक व्याजानं. १,००० दुसरीकडं, महिना शेकडा पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत काढायचं नाही, नुसतं व्याज खायचं, असं स्पष्ट लिहिलंय. हिशोब करा, तुम्हाला तोंडपाठ येईल: दोन हजारांचं वर्षाचं व्याज झालं २४०, आणि लेखात म्हटलंय की लेण्यात पावसाळ्याला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस. पैसा न पैसा जुळतो. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून नोंदवला. म्हणजे आपल्या पतपेढीचं ठेव खातं, व्याजदर, ठराव आणि नोंदवही, सगळं दगडात. आणि दोन दर का, तर मला वाटतं दोन श्रेण्यांची पत वेगवेगळी असणार, जे आजही असतंच.

याच उषवदातानं अजून एक केलं. नद्यांवर फुकट नावा लावल्या, आणि त्या नद्यांच्या यादीत पार, दमणगंगा, डहाणूच्या बाजूची नदी, यांच्यासोबत तापी पण आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन, सोपारा इथं धर्मशाळा बांधल्या. पुण्याचं काम म्हणून लिहिलंय, पण नाव फुकट झाली की माल कुणाचा पार होतो? राजा दान करतो आणि व्यापार वाढतो, व्यापार वाढला की जकात वाढते. कुणीच येडा नव्हता.

मग गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं. लढाई केवढी मोठी झाली असेल. पण १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला जो नाण्यांचा ठेवा निघाला, तेरा हजारांवर चांदीची नाणी, त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्याच चेहऱ्यावर सातवाहनांचा छाप मारलाय. वितळवलीसुद्धा नाहीत. नाणं तेच, वजन तेच, बाजार तोच, ठसा नवा. साम्राज्य बदललं की सामान्य माणसाचं नेमकं किती बदलतं याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

तर वर्गणी दिलीत हे खरं, पण ती वर्गणी नसती तर लेणी नसती, आणि लेणी नसती तर ही सगळी नावंच उरली नसती.

प्रश्न (धुळ्याहून एक ताई): आम्ही घरात अहिराणी बोलतो. मुलगी विचारते, आपल्या अहिरांचं पण कधी राज्य होतं का? काय सांगू?

ताई, सांगा की होतं. आभीर राजे. सातवाहन संपल्यावर, तिसऱ्या शतकात, नाशिकच्या त्याच लेण्यात माढरीपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. अहिराणी नाव त्यांच्यावरूनच असं सगळे म्हणतात, पण आज आपण बोलतो ती बोली त्यानंतर कितीतरी शतकांनी घडत गेलेली, तेव्हा 'राजा अहिराणी बोलायचा' असं काही मुलीला सांगू नका.

मुलीला सांगायची खरी गोष्ट त्या लेखातली बाई आहे. नाव विष्णुदत्ता. स्वतःला शकनिका म्हणवते, म्हणजे शक, बाहेरून आलेल्या लोकांतली. वडिलांचं नाव अग्निवर्मा. नाव विष्णूचं, बापाचं अग्नीवरून, आणि ही बाई बुद्धाची उपासिका. राज्य आभीराचं, आणि राजा सातवाहनांसारखं आईचं नाव आपल्या नावाआधी लावतो. तिनं काय केलं तर आजारी भिक्खूंच्या औषधासाठी पैसा ठेवला, आणि तो ठेवला कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि पाण्याची यंत्रं बनवणाऱ्यांच्या श्रेण्यांकडं. एका लेखात एवढे लोक एकमेकांत मिसळलेत की आता कुणी 'अस्सल आमचंच' म्हणून भांडायला आलं तर त्याला तो एकच लेख दाखवावा.

प्रश्न (जामनेरहून एक शिक्षक): अजिंठ्याचं श्रेय वाकाटकांना देतात. आमच्या भागाचा वाटा किती?

सर, लेणी नऊ आणि दहा तर वाकाटकांच्या कितीतरी आधीची आहेत, तिथून सुरुवात करा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेण वाकाटकाच्या काळात लेणी कोरण्याचा दुसरा मोठा हंगाम झाला. पण सम्राटानं स्वतः छिन्नी धरली नाही की पैसाही एकट्यानं दिला नाही. सोळा नंबर त्याचा मंत्री वराहदेव याचा. सतरा नंबर एका मांडलिक राजाचा, आणि इतिहासकार वा. वि. मिराशींच्या मते हे घराणं ऋषिकाचं, म्हणजे आपल्या खान्देशाचं. धाकटा भाऊ गेला, त्या दुःखात राजानं संसाराचा नाद सोडून दानधर्म सुरू केला असं लेखात आहे. जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींची, इतकी चित्रं जिथं आहेत ते लेणं अशा घरगुती दुःखातून आलं हे वर्गात सांगा, पोरं ऐकतात.

रंगांचंही सांगा. लाल, पिवळा, हिरवा हे आसपासच्या माती-दगडांतले, पण निळा लाजवर्दी हा अफगाणिस्तानाकडचा. म्हणजे वाघूर नदीच्या काठावरच्या चित्रकाराच्या वाटीत बदख्शानचा दगड, आणि तो आला त्याच व्यापारी वाटांनी. नंतर हरिषेण गेला, वाकाटकांचं राज्य ढासळलं आणि काम अर्धवट थांबलं, चोवीस नंबरचं लेणं बघा, खांब अजून दगडातून पुरते सुटलेले नाहीत. साम्राज्याचा उपयोग काय नि तोटा काय, दोन्ही तिथं एका फेरीत दिसतं.

प्रश्न (अमळनेर, आठवीतली मुलगी): दादा, भास्कराचार्य आपल्या खान्देशातले का?

जन्मगावावरून मोठ्यांची भांडणं चालूच आहेत, त्यात पडत नाही. पण वर सांगितलेल्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे. तिथला कारभार निकुंभ घराण्याचा, आणि मठाच्या खर्चाला बाजारातल्या मालावरच्या करातला हिस्सा लावून दिला, तो मजकूर लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत आहे. म्हणजे गणिताच्या शाळेची फी बाजारानं भरली. हे प्राचीनच्या जरा पुढचं झालं, पण तू विचारलंस म्हणून.

प्रश्न (शिरपूरहून एक शेतकरी): भाऊ, नांगरताना मडकं लागलं, त्यात मणी आणि हिरवट झालेले तांब्याचे तुकडे आहेत. सांगितलं तर शेत जप्त करतील का? लोक भीती घालतात.

अख्खं शेत जप्त केल्याचं आम्ही तरी कुठं बघितलं नाही. उलट १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, त्याप्रमाणं जमिनीत पुरलेली दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवलं तर मात्र गुन्हा. आधी तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जाणकारांना फोटो दाखवा, ते सांगतील काय आहे ते. तोवर मडक्यातली माती काढू नका, कारण दाणा-हाड जे काय असेल ते त्या मातीतच असतं, आणि हिरवे झालेले तुकडे चिंच लावून चकचकीत करायचा मोह घरातल्या कुणालाही होऊ देऊ नका. जागा कुठली, किती खोल, नांगर कुठल्या दिशेनं चालला होता, एवढं एका कागदावर लिहून ठेवा. आणि मणी मोजून ठेवा, पोरं खिशात घालतात.